जवसाच्या वहीतील अठरा फेब्रुवारी

डोंबिवली (पूर्व)
सोमवार, ३ मार्च २०२५

प्रिय गणू,

जय भीम, आणि तुझ्या रीतीने, राम राम.

तुझ्या घरच्या गटावर तू पाठवलेला ध्वनिसंदेश तुझ्या नातीने, कृतिकाने, मला काल दोन वेळा ऐकवला. दोन मिनिटे चाळीस सेकंदांच्या त्या निवेदनात पाच चुका आहेत. मी अडतीस वर्षे मुद्रितशोधन केले असल्यामुळे त्या तशाच राहू देणे मला शक्य नाही.

पहिली. जवस आपण ‘तुळशीच्या लग्नाला’ पेरले नाही. तुळशीचे लग्न १३ नोव्हेंबरला होते. पेरणी त्याआधी चार दिवस, शनिवारी, ९ नोव्हेंबरला झाली. त्या दिवशी बायजावहिनींनी शेवयांचा उपमा केला होता आणि तू तीन वेळा घेतला होतास.

दुसरी. बियाणे ‘मूठभर’ नव्हते. अर्ध्या गुंठ्याला सहाशे ग्रॅम होते आणि मी ते स्वतः तोलले होते. चटणीसाठी जवस पेरतात ते विरळ, म्हणजे झाडाला फांद्या फुटून बोंडे भरपूर धरतात. आपल्याला धागा हवा होता, म्हणून झाड सरळसोट वाढावे यासाठी दाट पेरणी. “एवढी गर्दी? चाळ बांधतोस काय रं?” असे तू म्हणाला होतास. चाळ उत्तम वाढली, कंबरेएवढी, हे तुझ्या संदेशात आलेले नाही.

तिसरी. पीक ‘माझं’, म्हणजे तुझे, नव्हते. बाळकुमच्या दोन मनोऱ्यांमध्ये उरलेला जमिनीचा तुकडा तुझा आहे, हे मान्य. परंतु ठाण्यात उगवलेल्या जवसापासून लिननचे कापड विणून दाखवण्याची कल्पना कृतिकाची होती, कारण तिच्या अभ्यासक्रमाचा शेवटचा प्रकल्प तोच आहे. मोजमाप आणि नोंदी माझ्या. तेव्हा ‘आपलं’ असे म्हणावे.

चौथी. ‘धोंड्यानी सडवलं.’ उपटलेल्या जवसाच्या अर्ध्या पेंढ्या आपण तुमच्या म्हशींच्या जुन्या हौदात १३ फेब्रुवारीला बुडवल्या. काडीचे लाकूड आणि सालीतला धागा यांना जोडणारा डिंक पाण्यात कुजावा आणि धागा सुटावा, एवढ्यासाठी. कृतिकाने मिळवलेल्या पुस्तकात या कामाला चौदा दिवस दिले आहेत. त्या पानाचे मराठी भाषांतर मी केले असून त्यात एकही काना-मात्रा चुकलेली नाही. १३ अधिक १४ म्हणजे २७. पेंढ्या २७ फेब्रुवारीला बाहेर काढल्या. त्यांचा लगदा झाला होता, हे दुर्दैव.

पाचवी आणि सर्वांत गंभीर. ‘मी त्याला सांगितलं व्हतं.’ प्रकल्पाच्या वहीत १८ फेब्रुवारीची नोंद अशी आहे: ‘गणू मढवी हौदावर हजर. सूचना काही नाही. पाण्याकडे लक्ष ठेवण्याची जबाबदारी त्यांची.’

ही वही ६ मे रोजी कापडाबरोबर परीक्षकांपुढे जायची आहे. तू म्हणतोस, “ते पान फाड, नाय तं माझ्या दारात येऊ नको.” मी आयुष्यात कोणत्याही वहीचे पान फाडलेले नाही, आणि आता सुरुवात करण्याचे माझे वय नाही.

उरलेल्या अर्ध्या पेंढ्या तुझ्या पडवीत कोरड्या आहेत. तेवढ्यांतूनच आता कापड व्हायचे आहे. ते झाले नाही, तर त्या मुलीचे वर्ष वाया जाईल. पेंढ्या तिच्याजवळ द्याव्यात. बाकीची कामे मी डोंबिवलीत माझी मी करीन.

तुझा
धोंडिबा ओव्हाळ


मंगळवार, ११ मार्च

प्रिय गणू,

पेंढ्या पोहोचल्या. बावीस. रिक्षावाल्याने कृतिकाला विचारले, “ताई, एवढा चारा कुठे? डोंबिवलीत म्हशी राहिल्यात का?” ती त्याला म्हणाली, “एक आहेत. तिसऱ्या मजल्यावर राहतात.” हे तिनेच मला हसत हसत सांगितले. तुझ्या घरातली माणसे असेच बोलतात, तेव्हा मी मनावर घेतलेले नाही.

प्रत्येक पेंढीला तू जी गाठ मारली आहेस, ती मी लगेच ओळखली. वागळे इस्टेटच्या छापखान्यात बांधणी विभागात तू सत्तावीस वर्षे पुस्तकांच्या पाठी शिवल्यास. तिथली ती गाठ. वरच्या मजल्यावर मी मुद्रिते तपासत असे आणि खाली तू शिवत असस. मी एकदा म्हणालो होतो, “गणू, मजकूर मी सांभाळतो, कागद तू सांभाळ.” तू म्हणालास, “मजकूर गेला तं दुसरा येल. शिवन गेली तं पुस्तक गेलं.” त्या वेळी हे मला उद्धटपणाचे वाटले होते.

त्याच छापखान्यातून तू आणलेले शिवणीच्या दोऱ्याचे अर्धे रीळ कृतिकाला तुझ्या पेटीत सापडले, आणि इथून सगळे सुरू झाले. “आबा, हा धागा कशाचा?” “जवसाचा.” “चटणीच्या?” तुझ्या घरात कोणाचाही विश्वास बसला नाही, म्हणून साक्षीला तू मला बोलावलेस. मी साक्ष दिली, आणि संस्कृतात या कापडाला ‘क्षौम’ म्हणत, अशी भरही घातली. ती कोणी मागितली नव्हती.

पेंढ्यांबरोबर बायजावहिनींनी जवसाच्या चटणीची बरणी पाठवली आहे. तिच्यावर तुझ्या अक्षरात लिहिले आहे: ‘फकत शालनवहिनीला’. ‘फक्त’ असे लिहितात. शालनने बरणी माझ्यापासून दूर, वरच्या फळीवर ठेवली आहे आणि जेवताना स्वतःच्या ताटात तीन चमचे घेते. “मित्राशी भांडायचं तर चटणीचा विचार करून भांडायचं,” असे तिचे म्हणणे.

तू न विचारलेली एक गोष्ट सांगतो. १८ फेब्रुवारीला दुपारी तू हौदावर होतास आणि तुझ्या हातात एक ओली काडी होती. एवढे मला आठवते. वहीत काडीचा उल्लेख नाही. जागा कमी होती.

तुझा
धोंडिबा


मंगळवार, १८ मार्च, सकाळी

प्रिय गणू,

पेंढ्या परवा, रविवारी, आमच्या इमारतीच्या गच्चीवर निळ्या पिंपांत बुडवल्या. दोन पिंपे, वर फळ्या, फळ्यांवर विटा. आज तिसरा दिवस.

आमच्या संस्थेचा सचिव संदेश हा जिन्यात कोणी चपला काढल्या तरी लेखी सूचना देणारा माणूस आहे. त्यामुळे पिंपांवर तो काय म्हणेल या चिंतेत मी होतो. आश्चर्य असे की दोन दिवस कोणी काहीही बोलले नाही. काल संध्याकाळी तो जिन्यात भेटला, नाकावर रुमाल धरून म्हणाला, “काका, आज कारखान्यांनी कमालच केली ना!” चौथ्या मजल्यावरच्या मेघनाबाईंनी तर तक्रारीचा अर्ज लिहून माझ्याकडे भाषा तपासायला आणून दिला. मी तो तपासला. ‘दुर्गंधी’तला उकार त्यांनी दीर्घ काढला होता. दुर्गंधी कोठून येते याविषयी मी मौन पाळले.

मग रात्रभर विचार केला आणि आता जे लिहितो आहे ते लिहायला मला त्रास होतो आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

मला वास येत नाही, गणू. म्हणजे येतो, परंतु कोणता कशाचा ते समजत नाही. इथे रसायनांच्या कारखान्यांशेजारी एकतीस वर्षे राहून नाकाने भेद करणे सोडून दिले आहे. काल शालन गच्चीवर येऊन म्हणाली, “अहो, सकाळी आंबट वास होता, आता निराळा येतोय. काही बघा तरी! की तेही पुस्तकात बघणार?” मी वाकून हुंगले. मला डोंबिवलीचा वास आला.

त्या १८ फेब्रुवारीला, हौदाचा सहावा दिवस होता तेव्हा, तू काडी माझ्या नाकाजवळ धरली होतीस. ती दोन ठिकाणी मोडून मधला तुकडा ओढला होतास. आतले लाकूड सुळकन बाहेर आले आणि तुझ्या बोटांत नुसती साल लोंबत राहिली. तू म्हणालास, “सुटली रं काडी! आजच काढू. माझी आय मिठागराच्या दोरांसाठी अंबाडी अशीच कुजवाची. बोटाला कलतं.” तुझ्या आईला, आवडाबाईंना, मी पाहिले होते. त्यांच्या दोरांनी मिठाच्या होड्या बांधत, हेही मला ठाऊक होते. तरीही मी म्हणालो, “अजून आठ दिवस बाकी आहेत.” तू हसलास: “डोंबिवलीकराला वास काय इचारायचा!” हसलास म्हणून मला राग आला.

चौदा दिवस ज्या देशाच्या पुस्तकात आहेत तिथे पाण्यावर पहाटे बर्फ धरतो, ही माहिती त्याच पुस्तकाच्या पुढच्या पानावर होती. त्या पानाचे भाषांतर मी केले नव्हते.

आज तिसरा दिवस आहे. फेब्रुवारीपेक्षा ऊन कडक आहे. मी काडी मोडून पाहिली. लाकूड निम्मे सुटले, निम्मे अडले. हे पुरेसे आहे की नाही, मला सांगता येत नाही. एक दिवस आधी काढले तर धागा सुटणार नाही, एक दिवस उशीर झाला तर पुन्हा लगदा. आणि आता तिसरा हिस्सा शिल्लक नाही.

तू ये. माझ्यासाठी येऊ नकोस.

धोंडिबा


शुक्रवार, २१ मार्च

प्रिय गणू,

काल तू साडेसहा तास माझ्या गच्चीवर होतास आणि माझ्याशी एक शब्दही बोलला नाहीस. त्यामुळे घडले ते मला नीट समजले आहे की नाही, हे पडताळण्यासाठी कालचा वृत्तान्त लिहून पाठवतो. चूक असल्यास कळवावे.

तू सकाळी साडेनऊला आलास. शालनला “कशा हाव वहिनी” म्हणालास. कृतिका पिंपाजवळ उभी होती. मी ‘ये’ म्हणालो, ते तू ऐकले नाहीस असे धरून चालतो.

तू बाही वर केलीस आणि कोपरापर्यंत हात पिंपात घातलास. मधल्या पेंढीतून एक काडी काढलीस, वरच्या पेंढीतून एक, तळातून एक. तिन्ही मोडल्यास. मग हुंगल्यास. मग जे केलेस ते मी कोणत्याही पुस्तकात वाचलेले नाही: सुटलेली साल ओठांत धरून ओढलीस.

“कृतिका, त्या पुरुफवाल्याला सांग, या पिंपाचं आता काढाचं. त्या पिंपाचं दुपारी तीनला. सावलीत हाय ते.”

कृतिका माझ्याकडे वळून म्हणाली, “आजोबा, आबा बोलतायत...”

“मी ऐकले,” मी म्हणालो. “दोन्ही पिंपे एकाच वेळी भरली होती, तर वेगवेगळ्या वेळी का, असे विचार.”

“आबा, ते विचारतायत...”

“त्याला सांग, एकाच दिवशी जलमलेली दोन पोरं एकाच दिवशी चालाय लागतात काय?”

“आजोबा, चिल. तीनला काढायचं, बस.”

‘चिल’ या शब्दाचे व्याकरण मी तिला नंतर विचारणार आहे.

तीन वाजता दुसरे पिंप उघडले. तेव्हा संदेश गच्चीवर आला, आणि वासाचा उगम अखेर त्याच्या लक्षात आला. “काका! तुम्ही? आणि मी कारखान्यांना शिव्या घालतोय!” तो लेखी सूचना काढण्याच्या बेतात होता, परंतु तू एक काडी त्याच्या हातात दिलीस, मोडायला लावलीस, आणि आतून केसांसारखा पिवळसर धागा निघालेला पाहून त्याने नाकावरचा रुमाल खिशात घातला. पुढे तासभर तोच पेंढ्या वाळत घालत होता. त्याची आई खालून हाका मारत होती.

निघताना जिन्यात तू कृतिकाला जे म्हणालास, ते मला ऐकू यावे एवढ्या आवाजात होते. “वहीत माझं नाव कसं लिवलंय ते मी वाचलंय. मी बाइंडर व्हतो, आंधला नव्हतो. तोंडानी त्यानी काय बी बोलावं. लिवलेलं ऱ्हातं.”

वृत्तान्त इथे संपतो. मला वाटते, यात चूक नाही.

धोंडिबा


रविवार, ४ मे

प्रिय गणू,

कापड झाले.

लांबी एक मीटर बासष्ट सेंटिमीटर, रुंदी बेचाळीस. मी पोलादी पट्टीने तीन वेळा मोजले. रंग वाळक्या गवताचा, पाणी लागले की किंचित निळसर. कृतिकाने ते कॉलेजच्या मागावर नऊ दिवसांत विणले. मधे सात ठिकाणी धागा तुटल्याच्या गाठी आहेत. “या दिसू नयेत का?” तिने विचारले. मी म्हणालो, दिसू देत.

दीड महिना आमचे घर कसे होते, ते तुला बायजावहिनींकडून कळलेच असेल, कारण दर बुधवारी त्या इथे होत्या. वाळलेल्या काड्या धोपटण्याने बडवून लाकडाचा भुसा पाडला. फळीला खिळे ठोकून केलेल्या फणीने धागे विंचरले. भुसा माझ्या चष्म्यात, शालनच्या चहात आणि मेघनाबाईंच्या वाळवणात गेला. मग टकळ्या. हा धागा कोरडा कातला की विसकटतो. बोट सारखे ओले करावे लागते. शालन आणि वहिनी वाटीत पाणी घेऊन समोरासमोर बसायच्या आणि आपल्या दोघांविषयी बोलायच्या. एकदा मी स्वयंपाकघरातून ऐकले.

“हे रोज सकाळी फोन हातात घेतात, नंबर काढतात आणि ठेवतात,” शालन म्हणाली.

“आमचे तं फोन वाजला का पयले नाव बघतान. तुमच्या घरचा नसला का तोंड पाडतान,” वहिनी म्हणाल्या.

“मग सांगायचं का दोघांना?”

“नको गं. हे सूत संपू दे. भांडन मिटलं तं मना बुधवारी इकरं कोन सोडंल?”

आता वहीविषयी. ती माझ्या समोर आहे. परवा, ६ तारखेला, ती परीक्षकांकडे जाईल. कृतिकाने मला कधी एका शब्दाने काही सुचवले नाही. काल फक्त एवढेच म्हणाली, “आजोबा, मी सकाळी आलेली वही न्यायला, तुम्ही झोपलेले.” ‘आले होते’ असे म्हणावे, हे सांगायला मी तोंड उघडले आणि मिटले. ज्या माणसाच्या हाताने त्या वहीत खोटे लिहिले आहे, त्याने त्या मुलीला काय शुद्ध करायचे?

अठरा फेब्रुवारीची नोंद मी अठरा फेब्रुवारीला लिहिलेली नाही. त्या तारखेखाली साडेतीन ओळी कोऱ्या होत्या. सत्तावीसच्या रात्री, हाताला लगद्याचा वास असताना (तो मात्र मला आला), मी त्या भरल्या. शाई निराळी आहे. छापखान्यात कोणी असे केले असते, तर मी त्याला दुसऱ्या दिवशी कामावर येऊ दिले नसते. पुस्तक चुकले होते, पुस्तकावर विसंबणारा चुकला होता, आणि नाव मी तुझे लिहिले. कारण हौदावर दोघेच होतो, आणि लिहिणारा मी होतो.

पान मी फाडत नाही. फाडले तर मी काय केले तेही जाईल. त्याऐवजी त्या पानावर एक कागद चिकटवणार आहे. त्याचा मसुदा कृतिकाच्या हाती सोबत पाठवतो. चिकटवण्यापूर्वी तू वाचावास. तुझे नाव आहे. शेवटचे मुद्रित तुझ्याकडेच आले पाहिजे.

तुझा
धोंडिबा


सोमवार, ५ मे

गणू, वहीत चिकटवलेल्या कागदाची अंतिम प्रत तुझ्याजवळ असावी, म्हणून पुन्हा उतरवून पाठवतो.

तारखांच्या दुरुस्त्या

९ नोव्हेंबर २०२४. पेरणी. नोंद बरोबर आहे. ‘धोंडिबा ओव्हाळ यांच्या देखरेखीखाली’ हे शब्द वगळावेत.

२९ डिसेंबर. पहिले निळे फूल. वहीत ३० डिसेंबर आहे. फूल गणू मढवी यांनी आदल्या दिवशीच पाहिले होते. मी स्वतः पाहीपर्यंत नोंद केली नाही.

८ फेब्रुवारी २०२५. झाडे उपटली. वहीत ‘कापली’ असे आहे. मुळांसकट उपटली, म्हणून धागा लांब राहिला. विळा गणू मढवी यांनी माझ्या हातातून काढून घेतला होता.

१८ फेब्रुवारी. संपूर्ण नोंद रद्द. ती २७ फेब्रुवारीला रात्री लिहिली गेली. त्या जागी वाचावे: ‘काडी सुटली असून पेंढ्या आजच बाहेर काढाव्यात, असे गणू मढवी यांनी दोनदा सांगितले. धोंडिबा ओव्हाळ यांनी ऐकले नाही.’

२७ फेब्रुवारी. ‘पाण्याकडे दुर्लक्ष झाल्याने नुकसान’ याऐवजी ‘धोंडिबा ओव्हाळ यांच्या हट्टाने नुकसान’ असे वाचावे.

२० मार्च. वहीत नोंदच नाही. घालावी: ‘उरलेला जवस गणू मढवी यांनी वाचवला. पहिले पिंप सकाळी दहाला, दुसरे दुपारी तीनला.’

५ मे, सकाळी ६ वाजून ५० मिनिटे. १८ फेब्रुवारीच्या वरील दुरुस्तीत ‘दोनदा’ याऐवजी ‘तीनदा’ वाचावे. दुरुस्ती सुचवणारे: गणू मढवी, दूरध्वनीवरून, स्वतःच्या आवाजात. तिसऱ्या वेळी मी मोबाइलवर कोणाला तरी शुद्धलेखन समजावत होतो, असे त्यांचे म्हणणे आहे. दुरुस्ती मान्य.